रविवार सकाळ, अकरा ते एक

पुण्या-मुंबईच्या मुलींना ‘ब्रंच’ हा शब्द काही नवा नाही. आपल्याकडे मात्र तो आत्ता कुठे येऊ लागलाय. तालुक्याच्या गावात पूर्वी ‘उपाहारगृह’ असायचं, मग ‘फास्ट फूड’ आलं, मग ‘कॅफे’. आता पाटी दिसते ती ‘बिस्ट्रो’ची. आमच्या कराडात विद्यानगरच्या बाजूला अशी एक जागा निघाली आणि ‘दर रविवारी सकाळी ११ ते १ खास ब्रंच’ असा फलक तिथं लागला, तेव्हा आमच्या भिशीत त्यावर चांगलीच चर्चा रंगली.

ब्रंच म्हणजे ब्रेकफास्ट आणि लंच यांची सांगड. उशिराची न्याहारी म्हणा किंवा लवकरचं जेवण म्हणा. हे समजावून सांगितल्यावर आमची शाळेत शिकवणारी मैत्रीण पटकन म्हणाली, “म्हणजे आपण सुट्टीच्या दिवशी ब्रंचच करतो की गं! सगळ्यांचं चहा-पाणी, नाश्ता, आंघोळी, धुणं उरकून आपला पहिला घास पोटात जातो तो साडेअकरालाच.”

सगळ्या खो खो हसल्या. पण तिचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. फरक एवढाच, की बिस्ट्रोत तो घास कुणीतरी आपल्यापुढं आणून ठेवणार होतं. शेवटी ठरलं. या महिन्याची भिशी कुणाच्या घरी नको. भिशी घरी असली की जिच्याकडे असते तिचा आदला दिवस पॅटिसचं सारण करण्यात आणि दुसरा दिवस भांडी आवरण्यात जातो. बारा जणींपैकी आम्ही पाच जणी तयार झालो. एक शिक्षिका, एक बँकेत, एक किराणा दुकान सांभाळणारी, एक घरी शिवणकाम करणारी आणि मी.

ताटात काय होतं?

आधी खाण्याचं सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पाच जणींनी पाच पदार्थ मागवले, म्हणजे सगळ्यांची चव घेता येते! शकशुका म्हणजे टोमॅटो-कांदा-मिरचीच्या दाट रश्श्यात फोडून शिजवलेली अंडी, सोबत पाव. हा मूळचा उत्तर आफ्रिकेकडचा पदार्थ. आपल्या जिभेला ओळखीचा वाटतो, तिखट मात्र कमी. पॅनकेक म्हणजे आपल्या गोड घावनाचा जाडजूड, फुगलेला भाऊ. मशरूम टोस्ट चांगला होता. सँडविच कुठेही मिळतं तसं. आणि फ्रेंच टोस्ट! शिळा पाव दूध-अंड्यात बुडवून तव्यावर परतायचा. फ्रेंच भाषेत याला ‘वाया गेलेला पाव’ अशा अर्थाचं नाव आहे. थोडक्यात, आपली फोडणीची पोळी ज्या काटकसरीतून आली, त्याच काटकसरीतून हाही आला. जगभरच्या बायकांनी शिळं वाया जाऊ दिलेलं नाही, हे त्या १९० रुपयांच्या बशीकडे बघून पटलं.

बिस्ट्रो या शब्दाचंही तसंच. पॅरिसमध्ये बिस्ट्रो म्हणजे साधी, स्वस्त, घरगुती खानावळ. आपल्याकडे येताना तिनं अंगावर चांगलेच दागिने घातलेत. पिवळे दिवे, कुंडीतली रोपं आणि १३० रुपयांची कॉफी!

चव बरी, जागा स्वच्छ, स्वच्छतागृह लख्ख. दोन तास बसलो, पण कुणी ‘अजून काही हवंय का’ म्हणून उठवायला आलं नाही. पण खरी गंमत ताटात नव्हतीच. ती आम्ही मागं सोडून आलेल्या पाच स्वयंपाकघरांत होती.

पाच घरं, पाच तऱ्हा

रविवारी अकरा ते एक ही वेळ म्हणजे आपल्या भागात घराघरांत मटण-चिकन शिजायची वेळ. आठवड्यातला सगळ्यांत मोठा स्वयंपाक तेव्हा असतो. मग आम्ही पाच जणी टेबलाशी बसलेल्या असताना तो कोण करत होतं? मी सहज एकेकीला विचारलं.

दुकानवाली मैत्रीण पहाटे पाचला उठली होती. भाकरी, रस्सा, भात, सगळं करून, झाकून, वर ‘दही फ्रीजमध्ये आहे’ असं सांगून आली होती. बँकवालीनं स्वयंपाकाच्या मावशींना रविवारी जादा पैसे देऊन बोलावलं होतं. शिक्षिकेच्या घरी सासूबाई म्हणाल्या, “जा तू, मी बघते.” त्यांचं वय बहात्तर. शिवणकाम करणारीच्या नवऱ्यानं बाहेरून बिर्याणी मागवली होती. आणि आमच्याकडे नवरा आणि मुलगा यांनी मिळून पिठलं-भात केला.

आता हे पाचही नीट बघा हं. पहिल्या घरात त्याच बाईनं काम केलं, फक्त सहा तास आधी. दुसऱ्या घरात दुसऱ्या बाईनं केलं, तिचाही रविवार असताना. तिसऱ्यात घरातल्या म्हाताऱ्या बाईनं. चौथ्यात पैशानं. फक्त पाचव्या घरात ते काम पुरुषांच्या हाती गेलं. ओटा कसा होता ते विचारू नका, पण जेवण झालं होतं आणि कुणी उपाशी राहिलं नव्हतं. माझ्याकडे हे घडलं याचा तोरा मिरवायचा नाही. मुलगा हॉस्टेलवर राहून आलाय, तिथं तो कुकर लावायला शिकला, एवढंच त्याचं कारण.

सांगायचं हे, की बाईची सुट्टी हवेतून येत नाही. ती कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर टाकलेली असते. प्रश्न कुणाच्या, एवढाच.

रविवार कुणी मिळवला?

आपल्याला रविवारची सुट्टी म्हणजे जणू पंचांगातच लिहून आलेली वाटते. तसं नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथं दोन कामगार बायकांनीही उभं राहून भाषणं केली. त्या काळात! अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९५ मध्ये, इंग्लंडमध्ये गाय बेरिंजर नावाच्या लेखकानं ‘ब्रंच’ची बाजू मांडणारा लेख लिहिला. त्याचं म्हणणं काय? तर शनिवारी रात्री उशिरापर्यंत मौज केलेल्यांना रविवारी लवकर उठायला लावू नये, सकाळी उशिरा एकदाच निवांत खावं. म्हणजे ब्रंच निघालं ते उशिरा उठणाऱ्यांच्या सोयीसाठी. ते रांधणाऱ्यांच्या सोयीचा त्यात प्रश्नच नव्हता.

ज्या दोघी सभेत बोलल्या, त्यांनाही गिरणीतून सुट्टी मिळाली. चुलीतून मिळाली का? तिला ना मालक, ना संघटना, ना ठराव. तिथला रविवार अजून मंजूर व्हायचाय.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाहीये. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ही मोजणी. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे आपले पावणेपाच तासांच्या वर, त्यांचे दीड तासाच्या आत. त्यातही हे ८८ मिनिटांचं गणित घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचंच आहे आणि असे पुरुष चारांत जेमतेम एक! २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली. मिक्सर, कुकर, गॅस यांनी वाचवली म्हणावी, तर पुरुषांचीही नऊ मिनिटं कमी झालीत. म्हणजे आपलं ओझं त्यांनी उचलल्याचं काही दिसत नाही.

बसायला जागा

दुसरी गोष्ट जागेची. चाळिशी-पन्नाशीच्या मैत्रिणींना हॉटेलातली ‘फॅमिली रूम’ आठवत असेल. पुढं पुरुषांची टेबलं आणि आत पडद्यामागं किंवा झुलत्या अर्ध्या दारामागं बायका-मुलांची सोय. पुरुष सोबत असला तरच जायचं, पटकन खायचं आणि निघायचं. चार बायकांनी आपल्या आपण हॉटेलात जाऊन बसणं चांगल्या घराचं लक्षण मानत नसत.

तिथून आज आम्ही रस्त्याकडेच्या काचेमागं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू अशा बसलो होतो. ओळखीचे दोघं-तिघं गेले, एकानं हातही केला. हा बदल लहान नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे मुंबईतल्या बायकांवरचं पुस्तक २०११ मध्ये आलं. बाईला घराबाहेर दिसायचं तर हातात काहीतरी कारण असावं लागतं, हे त्यांनी नेमकं मांडलं. भाजीची पिशवी, मुलाची शाळा, देवळाची वेळ, दवाखाना. नुसतं बसायला म्हणून बाई बाहेर पडत नाही. हे मुंबईचं झालं, तर आपल्या गावाचं काय सांगावं!

एक कारण सरकारनं सोपं केलंय. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या प्रकारच्या बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट आहे. त्या निर्णयानं माहेरी जाणं, बाजाराला जाणं, नोकरीला जाणं किती सोपं झालं, हे खेड्यातली कुठलीही बाई सांगेल. पण एसटीतून उतरल्यावर पुढं काय? प्रवास अर्ध्या पैशांत झाला, पण गावात दोन तास निवांत टेकायला, पाणी प्यायला, स्वच्छतागृहाला जायला जागा कुठाय?

आमच्याकडे प्रीतिसंगमाचा परिसर आहे. कृष्णा-कोयनेचं पाणी, झाडं, यशवंतरावांची समाधी. फुकटात एवढी सुंदर जागा फार कमी गावांना मिळाली असेल. तिथं संध्याकाळी कुटुंबं येतात. पण चार बायका सकाळी अकराला नुसत्या गप्पा मारत बसल्यात, असं चित्र मला क्वचितच दिसलंय. बिस्ट्रोत आम्ही जे पैसे दिले ते शकशुकाचे कमी आणि खुर्चीचे जास्त, असं मला तरी वाटतं. ‘इथं का बसलात?’ असं कुणी विचारणार नाही, याचे ते पैसे.

आता बिलाबद्दल

पाच पदार्थांचे १०४० आणि पाच कॉफींचे ६५०, मिळून १६९० रुपये. बिल आलं त्यात वर दहा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’, १६९ रुपये, आणि मग जीएसटी. बँकवाली मैत्रीण असे कागद वाचल्याशिवाय सोडत नाही. तिनं शांतपणे सांगितलं, “हा सर्व्हिस चार्ज काढा.” व्यवस्थापक जरा घुटमळला, पण दुसरं बिल करून दिलं. १६९० वर पाच टक्के जीएसटी, ८४ रुपये ५० पैसे. एकूण १७७४ रुपये ५० पैसे.

मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. हॉटेलनं आपोआप बिलात सर्व्हिस चार्ज लावू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये काढली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ती योग्य ठरवली. काढायला नकार दिला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी लावला असेल, तर बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर असायला हवा. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी आपण घासाघीस करतो आणि काचेच्या दारामागं गेलो की बिल न वाचता पैसे काढतो. उलट करायला हवं.

टीप मात्र आम्ही आपण होऊन दिली. वाढणाऱ्या मुलीच्या हातात शंभर रुपये. म्हणजे प्रत्येकीला पडले साधारण ३७५. हे जास्त की कमी? केंद्राच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च निघाला ६,९९६ रुपये, ग्रामीण भागात ४,१२२. म्हणजे शहरातल्या सरासरी माणसाच्या महिन्याच्या खर्चाचा जवळजवळ विसावा भाग आम्ही एका सकाळी खाऊन आलो. त्याच पाहणीत असंही दिसतं, की खाण्यावरच्या खर्चात आता सगळ्यांत मोठा वाटा पेयं आणि तयार पदार्थांचा आहे. शहरात एकूण खर्चाच्या ११ टक्के, खेड्यात १० टक्क्यांच्या आसपास. दूध आणि भाजीपाला या दोन्हींपेक्षा जास्त! तेव्हा बाहेरचं खाणं ही काही फक्त बड्यांची चैन राहिली नाही. फक्त ते खाणं कोण बसून खातं आणि कोण पुडक्यात बांधून घरच्यांसाठी नेतं, हा फरक अजून आहे.

वाढणारीचा रविवार

ती वाढणारी मुलगी जवळच्या खेड्यातली. कॉलेज करून शनिवार-रविवार पूर्ण वेळ आणि इतर दिवशी संध्याकाळी इथं काम करते. सुट्टी मंगळवारी. येणं-जाणं एसटीनं, अर्ध्या तिकिटात. मी विचारलं, “मग आज घरी स्वयंपाक?” तर म्हणाली, “आई आहे की.” आईची सुट्टी कधी, हे विचारायचं मनात आलं होतं, पण तिला पुढच्या टेबलाकडून हाक आली.

त्या मुलीच्या हातात पगार येतो, बोलण्यात धिटाई आहे, हे चांगलंच आहे. गावात अशा चार जागा निघाल्या, तर चार मुलींना काम मिळतं. म्हणून ‘हे सगळं फॅड आहे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ‘घरचं सोडून बायका हॉटेलात बसायला लागल्या’ म्हणणाऱ्यांत तर नाहीच. त्याच माणसांना चौकातल्या टपरीवर रोज तासभर बसणारे पुरुष कधी खटकत नाहीत.

पण बिस्ट्रो आला म्हणजे बायकांना मोकळीक मिळाली, असंही मला म्हणायचं नाही. तिथं महिन्यातून एकदा जाऊ शकणाऱ्या आम्ही मूठभर. आमच्या भिशीतल्या उरलेल्या सात जणींपैकी तिघींनी पैशाचं कारण सांगितलं, चौघींनी ‘रविवारी जमायचं नाही गं’ असं. पैशाचं कारण सोडवता येतं. भिशीच प्रीतिसंगमावर घेता येते, प्रत्येकीनं एकेक डबा आणायचा, खर्च शून्य. नगरपालिकेकडं बागेत सावलीतले बाक आणि बायकांसाठी चालू, स्वच्छ स्वच्छतागृह मागता येतं. मागणारा अर्ज बारा सह्यांचा असला, तर त्याकडं लक्षही जातं. ‘रविवारी जमायचं नाही’ हे कारण मात्र अर्जानं सुटत नाही. ते घरातच सुटायला हवं.

त्यासाठी एक साधी गोष्ट सुचवते. महिन्यातला एक रविवार, अकरा ते एक, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या नावानं लिहून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितो तसा, सगळ्यांना दिसेल असा. आदल्या दिवशी घरात विचारा, “उद्या दुपारचं कोण करणार?” पहाटे पाचला उठून सगळं करून जाऊ नका. सासूबाईंवर टाकू नका, त्यांचंही नाव त्याच कॅलेंडरवर लिहा, हवं तर दुसऱ्या रविवारी. मावशींना बोलावलंच, तर त्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या. आणि मुलगा दहा-बारा वर्षांचा असेल, तर त्याला आत्ताच कुकर लावायला शिकवा. हॉस्टेलची वाट बघू नका.

मग त्या दोन तासांत बिस्ट्रोत जा, नदीकाठी जा, मैत्रिणीच्या गच्चीत बसा, नाहीतर घरीच दार लोटून झोप काढा. पुढच्या महिन्यात आमच्या बारा जणींपैकी किती जणी येतात, ते मी मोजणार आहे. तुमच्या भिशीतही मोजून बघा.